ट्रॅक्टरच्या इंजिनाची घरच्या घरी सुरक्षित सफाई

भारतात ट्रॅक्टरची बांधणी १९५९ साली फरीदाबाद येथे सुरू झाली. त्यानंतरच्या काळात हे यंत्र मोठ्या बागायतदाराच्या वाड्यातून निघून सामान्य शेतकऱ्याच्या अंगणात येऊन पोहोचले आहे. नांगरटीपासून मळणीपर्यंत आणि उसाच्या वाहतुकीपासून पाणी ओढण्यापर्यंत नाना प्रकारची कामे त्याच्याकडून करून घेतली जातात. बैलजोडीची निगा कशी राखावी हे शेतकऱ्यास वडिलोपार्जित ज्ञानाने ठाऊक असते. बैल धुवावा, त्याचे खूर पाहावेत, खांद्यास सूज आहे काय हे तपासावे, हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही. यंत्राच्या निगेचे ज्ञान मात्र प्रयत्नाने मिळवावे लागते. त्यातही इंजिनाची सफाई हे काम वरकरणी अगदी सोपे दिसत असल्यामुळे त्याकडे एकतर दुर्लक्ष होते, नाहीतर ते पाण्याचा पाइप हाती घेऊन पाच मिनिटांत उरकले जाते. या दोन्ही रीती नुकसानीच्या आहेत. इंजिन स्वच्छ ठेवणे जितके अगत्याचे आहे, तितकेच ते योग्य क्रमाने स्वच्छ करणेही अगत्याचे आहे. ही रीत प्रस्तुत लेखात सांगितली आहे.

सफाई कशासाठी?

इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक-तृतीयांश भागच प्रत्यक्ष कामास येतो. उरलेली उष्णता धुराबरोबर, रेडिएटरमधील पाण्याच्या द्वारे आणि इंजिनाच्या पृष्ठभागावरून बाहेर जाते. पृष्ठभागावर तेल व माती यांचा थर बसला आणि रेडिएटरच्या जाळीत भुसकट अडकले, म्हणजे उष्णता बाहेर पडण्याची वाटच बुजते. इंजिन तापते, वंगणाचे तेल पातळ होते, त्यामुळे घर्षण वाढते आणि यंत्राचे आयुष्य कमी होते.

दुसरे कारण याहून गंभीर आहे. भाराखाली चालणाऱ्या डिझेल इंजिनाच्या धुराड्याकडील भागाचे तापमान ३०० अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकते. वाळलेले काड, तूस किंवा पाचट अडीचशे-तीनशे अंशांच्या सुमारास धुमसू लागते. त्यात गळालेले डिझेल किंवा तेल मुरलेले असले तर धुमसणाऱ्या कचऱ्याचा भडका होण्यास वेळ लागत नाही. मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टर खळ्यात तासन् तास एका जागी उभा राहून मळणीयंत्र चालवितो. सभोवती सोयाबीन, गहू किंवा हरभऱ्याचे भुसकट उडत असते आणि पंखा तेच भुसकट आत ओढून घेतो. अशा वेळी इंजिनाशेजारी लागलेली आग ट्रॅक्टरपुरती राहत नाही. वर्षभराचे पीक ज्या गंजीत रचलेले असते, ती गंजी तेथून हाकेच्या अंतरावर असते.

तिसरे कारण असे की, मळलेल्या इंजिनावर दोष दिसत नाहीत. तेल कोठून झिरपते, पट्ट्यास चीर कोठे पडली आहे, तारेचे आवरण उंदराने कोठे कुरतडले आहे, हे सारे मळाखाली झाकून राहते. किंबहुना सफाईचा खरा लाभ हाच मानावा. इंजिनाचा प्रत्येक भाग जवळून पाहण्याची ती संधी होय.

निष्काळजी सफाईने होणारे नुकसान

तापलेल्या बीडाच्या लोखंडावर एकाएकी गार पाणी ओतले असता ते असमान आकुंचन पावते आणि त्यास तडा जाण्याचा संभव असतो. इंजिनाचे डोके व धुराड्याचा जोड यांना हा धोका विशेष असतो.

हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरले तर त्याचा परिणाम फार वाईट होतो. डिझेल इंजिनात दट्ट्या हवेचे आकारमान सुमारे सोळा ते अठरा पटींनी कमी करतो. हवा दबते, परंतु पाणी दबत नाही. अशा स्थितीत इंजिन फिरविल्यास दट्ट्याचा दांडा वाकतो किंवा मोडतो, आणि एका बादलीभर पाण्याच्या निष्काळजीपणापायी संपूर्ण इंजिन उघडावे लागते.

विजेच्या भागांत पाणी गेल्यास सेल्फ, अल्टरनेटर आणि तारांचे जोड गंजतात. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून अधिक शक्तीच्या नव्या ट्रॅक्टरांस धूरनियमनाचा ‘ट्रेम ४’ हा टप्पा लागू झाला. अशा अनेक ट्रॅक्टरांवर डिझेलचा पुरवठा इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पेटीद्वारे होतो. त्या पेटीत वा तिच्या जोडात पाणी शिरल्यास ट्रॅक्टर जागीच बंद पडतो आणि त्याची दुरुस्ती गावात होऊ शकत नाही. म्हणून जुन्या ट्रॅक्टरवर पूर्वी खपून गेलेली रीत नव्या ट्रॅक्टरवर वापरू नये.

लागणारे साहित्य

या कामास महागडे साहित्य लागत नाही. मऊ व मध्यम केसांचे दोन-तीन ब्रश, एक जुना दात घासण्याचा ब्रश, लाकडाची किंवा प्लॅस्टिकची बोथट पट्टी, सुती चिंध्या, पॉलिथिनच्या जाड पिशव्या व त्या बांधण्यास रबर किंवा सुतळी, दोन बादल्या, सौम्य द्रव साबण, खाण्याचा सोडा, रबरी हातमोजे आणि डोळ्यांसाठी चष्मा, एवढे पुरे. हवा भरण्याचा पंप जवळ असल्यास उत्तम. कोरड्या वाळूची एक बादली आणि शक्य असल्यास कोरड्या भुकटीचे अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवावे. तेलाच्या आगीवर पाणी मारू नये. त्याने तेल पसरते व आग वाढते.

मळ सोडविण्यासाठी पेट्रोलचा उपयोग कदापि करू नये. पेट्रोलची वाफ अत्यंत थंड हवेतही पेट घेते. रॉकेल व डिझेल यांविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो की ती सहजासहजी पेटत नाहीत. वस्तुतः रॉकेलची वाफ ३५ ते ४० अंशांच्या सुमारास पेट घेण्याजोगी होऊ लागते, आणि विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत सावलीतील हवाच त्याहून अधिक तापलेली असते. शिवाय ही तेले रबरी नळ्या व पट्टे फुगवून खराब करतात. यास्तव साबणाचे पाणी किंवा बाजारात मिळणारे, पाण्यात मिसळणारे मळनाशक द्रावण वापरणेच इष्ट होय. कॉस्टिक सोडा वापरू नये, कारण तो ॲल्युमिनियमच्या भागांना खातो आणि कातडीही भाजतो.

जागा व वेळ यांची निवड

सफाईसाठी सकाळची वेळ निवडावी. रात्रभर उभे राहिलेले इंजिन पूर्ण थंड असते आणि धुतल्यावर सुकण्यास दिवसभराचे ऊन मिळते. जागा सपाट व मोकळी असावी. विहीर, ओढा, पाणवठा किंवा गुरांची गव्हाण यांच्याजवळ इंजिन धुऊ नये. इंजिनाखाली भुसा, राख किंवा कोरडी माती यांचा जाड थर पसरावा, म्हणजे त्यात तेलकट पाणी जिरते. हा थर नंतर गोळा करून वेगळा ठेवावा. तो शेणखतात किंवा शेतात टाकू नये आणि चुलीतही घालू नये. काढलेले जुने तेल डब्यात साठवून गॅरेजमार्फत अधिकृत संकलकाकडे द्यावे.

पूर्वतयारी

खालील गोष्टी याच क्रमाने कराव्यात.

१. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, मागील अवजार जमिनीवर टेकवावे, हातब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा व चाकांखाली दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवावी. मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

२. धोतराचा सोगा, उपरणे, साडीचा पदर किंवा सैल बाह्या बांधून घ्याव्यात. हातातील कडे व अंगठी काढून ठेवावी. धातूचे कडे बॅटरीच्या दोन्ही टोकांमध्ये आल्यास क्षणात लाल होते.

३. बॉनेट उघडल्यावर आत हात घालण्यापूर्वी नीट पाहावे. उभ्या ट्रॅक्टरच्या उबेला उंदीर घरटे करतात, आणि उंदरांच्या मागे सापही येतो. घरटे असल्यास ते काठीने किंवा हातमोजे घालून काढावे, उघड्या हाताने काढू नये. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारखा रोग होऊ शकतो.

४. किल्ली बंद केल्यावर दोन-तीन मिनिटे थांबून बॅटरीच्या तारा सोडवाव्यात. ट्रॅक्टरच्या सांगाड्यास जोडलेली तार प्रथम काढावी. ही तार बहुधा ऋण टोकाची असते. ती आधी काढल्यास दुसरी तार सोडविताना पाना सांगाड्यास टेकला तरी ठिणगी पडत नाही. बॅटरीजवळ विडी, काडी किंवा दिवा नेऊ नये, कारण भारित होताना तिच्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो.

५. हवा गाळणीचे तोंड, अल्टरनेटर, सेल्फ, फ्यूजची पेटी, इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पेटी व तारांचे मोठे जोड यांवर पॉलिथिनच्या पिशव्या घट्ट बांधाव्यात. धुराड्याच्या तोंडावर पत्र्याचा डबा उपडा घालावा. तेल भरण्याचे झाकण, तेल मोजण्याची पट्टी आणि डिझेलच्या टाकीचे झाकण घट्ट बसले आहे याची खात्री करावी.

रेडिएटर गरम असताना त्याचे झाकण उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्यामुळे १०० अंशांच्या वरही ते उकळत नाही. परंतु झाकण सैल होताच दाब जातो आणि उकळते पाणी व वाफ कारंज्यासारखी उसळून तोंडावर येते.

प्रथम कोरडी सफाई

पुष्कळसा मळ पाण्यावाचून निघतो. म्हणून आधी कोरडी सफाई करावी. भुसकट व धूळ ब्रशने वरून खाली झाडावी. तेलात भिजून घट्ट बसलेला मळ बोथट पट्टीने खरवडून कागदावर किंवा घमेल्यात घ्यावा. धुराड्याचा जोड, सेल्फच्या मागील खाच, बॅटरीची पेटी आणि डिझेल पंपाखालची जागा या चार ठिकाणी कचरा हमखास साठतो. मळणीच्या हंगामात एवढी कोरडी सफाई दररोज काम सुरू होण्यापूर्वी केल्यास आगीचा धोका पुष्कळ कमी होतो.

रेडिएटरची जाळी साफ करताना दिशेकडे लक्ष द्यावे. ट्रॅक्टरचा पंखा सामान्यतः पुढून हवा ओढून मागे इंजिनाकडे टाकतो. त्यामुळे कचरा पुढील बाजूने आत रुततो. पुढूनच हवा वा पाणी मारल्यास तो अधिक खोल जातो. म्हणून हवेचा किंवा पाण्याचा झोत इंजिनाच्या बाजूने पुढे, म्हणजे नेहमीच्या हवेच्या उलट दिशेने, मारावा. झोत सरळ व मंद असावा. तिरका किंवा जोराचा झोत मारल्यास पातळ पत्र्या वाकतात आणि हवेची वाट कायमची अरुंद होते. खिळा किंवा तार घालून कचरा उकरू नये.

हवा गाळणी इंजिनाबरोबर धुऊ नये. तेलाची गाळणी असल्यास तिची वाटी काढून गाळ टाकावा, वाटी पुसून खुणेपर्यंतच नवे तेल भरावे. कागदी गाळणी असल्यास ती हलकेच आपटून धूळ झाडावी किंवा आतून बाहेर मंद हवा मारावी. ती पाण्याने वा रॉकेलने धुऊ नये. फाटलेली असल्यास बदलावी.

ओली सफाई

दहा लिटर पाण्यात दोन-तीन चमचे द्रव साबण मिसळावा. तेलकट भागांवर हे पाणी ब्रशने लावून पाच-दहा मिनिटे मुरू द्यावे, परंतु वाळू देऊ नये. नंतर ब्रशने घासावे. काम वरून खाली व एकेका भागाचे करावे, म्हणजे स्वच्छ झालेल्या भागावर पुन्हा मळ उतरत नाही. त्यानंतर झारीने किंवा मंद धारेने स्वच्छ पाणी सोडावे. एका इंजिनास तीन-चार बादल्या पाणी पुरते. जेथे पिशव्या बांधल्या आहेत तेथे धार न मारता ओल्या चिंधीने पुसून घ्यावे.

तालुक्याच्या गावी गाडी धुण्याच्या केंद्रावर जोराच्या दाबाचे पाणी मारतात. बाहेरील चाके व मडगार्ड यांसाठी ते ठीक आहे. इंजिनाच्या खोलीत मात्र असा झोत तेलसीलच्या आत, तारांच्या जोडांत आणि डिझेल पंपाच्या सांध्यांत पाणी घुसवितो. तेथे धुवून घ्यावयाचेच असल्यास झोत इंजिनावर रोखू देऊ नये.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमली असल्यास एक पेला पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा मिसळून ब्रशने लावावा. फेस थांबल्यावर ओल्या चिंधीने पुसावे. हे पाणी बॅटरीच्या छिद्रांत जाऊ देऊ नये. टोके कोरडी करून, तारा जोडल्यानंतर, त्यांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा.

वाळविणे व इंजिन सुरू करणे

सर्व पिशव्या व धुराड्यावरील डबा न विसरता काढावा. बांधलेल्या वस्तू आधीच मोजून ठेवल्यास एखादी राहून जात नाही. साचलेले पाणी चिंधीने टिपावे आणि बॉनेट उघडे ठेवून इंजिन दोन तास उन्हात सुकू द्यावे. तारांचे जोड कोरडे असल्याची खात्री झाल्यावरच बॅटरी जोडावी. या वेळी क्रम उलटा असतो. धन टोकाची तार आधी, सांगाड्याची तार शेवटी.

नंतर तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजावे व इंजिन सुरू न करता कारागिरास बोलवावे. सर्व ठीक असल्यास ट्रॅक्टर मोकळ्या हवेत सुरू करून दहा-पंधरा मिनिटे भाराविना चालू द्यावा. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो आणि तो प्राणघातक ठरतो. चालू इंजिनाजवळ पंखा व पट्टा यांपासून हात दूर ठेवावेत.

गळती कशी ओळखावी?

स्वच्छ इंजिनावर एका दिवसाच्या कामानंतर पुन्हा नजर टाकावी. जेथे नवा ओला डाग दिसेल, तेथेच गळतीचे मूळ असते. काळे, चिकट तेल हे वंगणाचे. पातळ व उग्र वासाचे ते डिझेल. हिरवट किंवा तांबूस पाणी रेडिएटरमधील कूलंटचे. डिझेलच्या दाबाच्या नळीतून बारीक फवारा येत असल्याची शंका आल्यास तो हाताने चाचपू नये. या नळ्यांतील दाब इतका प्रचंड असतो की डिझेल कातडी भेदून आत शिरते. वरून टाचणीएवढी जखम दिसली तरी आतून हात सडू शकतो. अशा जखमेस घरगुती उपचार न करता त्वरित रुग्णालयात जावे आणि डॉक्टरांना दाबाचे डिझेल अंगात गेल्याचे स्पष्ट सांगावे. फवारा शोधण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा दूरून धरावा.

चकाकीचा मोह

धुतलेल्या इंजिनावर डिझेलचा किंवा जुन्या तेलाचा बोळा फिरवून चकाकी आणण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आढळते. ही चकाकी दोन दिवस टिकते आणि पुढील महिनाभर धूळ धरून ठेवते. शिवाय ते आगीस आमंत्रणच होय. रेडिएटरवर रंगाचा जाड थर दिल्यानेही उष्णता अडते. कोरडे व स्वच्छ इंजिन हेच सुंदर इंजिन समजावे.

ज्यांच्याकडे जीप किंवा मोटार आहे त्यांनीही हाच क्रम पाळावा. पेट्रोल इंजिनात प्लगच्या खळग्यांत पाणी साचू देऊ नये. विजेवर चालणाऱ्या किंवा मिश्र इंधनाच्या गाड्यांतील नारिंगी तारांत जीवघेणा विद्युत्दाब असतो. त्यांना हात लावू नये व अशा गाड्यांची आतील सफाई कंपनीच्या कार्यशाळेतच करून घ्यावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

केवळ सांगण्याने ही रीत रुजणार नाही. मळणीच्या हंगामापूर्वी गावातील एखाद्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर सकाळी दोन तासांचे प्रात्यक्षिक ठेवावे. पूर्वतयारीचे पाच मुद्दे फळ्यावर लिहावेत आणि प्रत्यक्ष काम ट्रॅक्टर चालविणाऱ्याकडूनच करून घ्यावे. सालगडी किंवा भाडोत्री चालक जेथे ट्रॅक्टर हाकतो, तेथे मालकाबरोबर त्यालाही अवश्य बोलवावे, कारण इजा प्रथम त्याला होते. यंत्राच्या सखोल शिक्षणाची इच्छा असलेल्या तरुणांना मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्थेची माहिती द्यावी. १९५५ साली स्थापन झालेली ही संस्था शेतकऱ्यांसाठी प्रशिक्षणवर्ग चालविते.

सारांश, इंजिन थंड असावे, बॅटरी सुटलेली असावी, नाजूक भाग झाकलेले असावेत, आधी ब्रश व मग पाणी वापरावे, आणि पूर्ण वाळल्यावाचून किल्ली फिरवू नये. ट्रॅक्टर घेण्यासाठी काढलेले कर्ज बहुतेक शेतकरी अनेक वर्षे फेडीत असतात. हंगामातून दोनदा अर्धा दिवस आणि मळणीच्या काळात रोज दहा मिनिटे खर्चून ते यंत्र व खळ्यावरील धान्य सुरक्षित राहत असेल, तर तेवढा वेळ प्रत्येक शेतकऱ्याने अवश्य काढावा.